‘ओके’ दाबणारं बोट

परवा दादरला मामाकडे गेलो, तर तो कुठलासा ऑनलाइन अर्ज भरत बसला होता. मध्येच एक चौकट उगवली: हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, टाका, ते सगळ्या वेबसाइटवरचा तुमचा मजकूर वाचू आणि बदलू शकेल. सगळ्या म्हणजे बँकेच्यासुद्धा! मामाने न वाचता ‘ओके’ केलं. याच मामाने गेल्या महिन्यात मुलीने सुचवलेला, जाहिराती अडवणारा अ‍ॅड ब्लॉकर ‘उगाच कशाला काहीबाही घ्यायचं’ म्हणून टाळला होता.

मामा वेंधळा नाही. अर्ज अडला होता, जाहिरातींनी काही अडत नव्हतं. ब्राउझरला जोडायच्या फ्लॅश या जुन्या प्रोग्रामचं तेच झालं. तो नसेल तर व्हिडिओ दिसत नसे, म्हणून लोकांनी मुकाट घेतला. व्हिडिओ ब्राउझरमध्येच चालू लागले, तशी त्याची गरज संपत गेली. २०२० अखेर त्याच्या कंपनीने, अडोबीनेही त्याला निरोप दिला.

पण इशारा डोळ्यांसमोर असून दिसत कसा नाही? याचं उत्तर अप्लिझिया नावाच्या एका समुद्री गोगलगायीत आहे. तिच्या सायफनला, म्हणजे पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीला, हलकेच स्पर्श केला की ती गोगलगाय आपला कल्ला, म्हणजे श्वसनाचा अवयव, आत ओढते. दहाएक वेळा स्पर्श करा, ओढणं मंदावतं. स्नायू थकलेला नसतो. संवेदी चेतापेशी आपल्या टोकाशी रासायनिक संदेशवाहकाच्या पुड्या कमी सोडू लागते. आता शेपटीला जोरात झटका द्या: सेरोटोनिन हे चेतारसायन सुटतं, पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, पोटॅशियमच्या वाहिन्या मिटतात, विद्युतलहर लांबते, कॅल्शियम जास्त शिरतं आणि पुड्या पुन्हा भराभर सुटतात. या कामासाठी मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडेल यांना २००० साली नोबेल मिळालं.

माणसाचा मेंदू कितीतरी गुंतागुंतीचा, पण सवयीपुढे तोही नमतो. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये एफएमआरआयखाली, म्हणजे मेंदूतली हालचाल टिपणाऱ्या यंत्रात, लोकांना सुरक्षा-इशारे दाखवले. तोच इशारा दुसऱ्यांदा दिसताच मेंदूच्या दृष्टीशी संबंधित भागांतली हालचाल घसरली. इशाऱ्याचं रूप बदलत ठेवलं, तेव्हा ही घसरण कमी झाली. फलाट आणि पायदानातल्या अंतराची घोषणा रोज ऐकणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

मामाच्या ब्राउझरमध्ये अकरा एक्स्टेन्शनं निघाली. त्यातलं एक ‘कॉम्प्युटर दुप्पट वेगवान’ करणारं! दाराला लिंबू-मिरची टांगलेली परवडली, ती निदान पासवर्ड वाचत नाही. मी एकेक काढू लागलो. प्रत्येक वेळी ‘नक्की काढायचं?’ असं विचारलं जात होतं. चौथ्यापासून मीही वाचायचं सोडलं.