सॉफ्टवेअरमधली त्रुटी सर्ट-इनला कशी कळवावी: कोण, कशी, कोणत्या पुराव्यासह

समजा, सोसायटीच्या मेंटेनन्स बिलाच्या लिंकमधला फ्लॅट क्रमांक बदलला आणि शेजाऱ्याचं बिल मोबाइल नंबरासकट उघडलं. तेच ॲप बोरिवलीपासून कुलाब्यापर्यंत वापरात असेल, तर ही त्रुटी सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, कळवायलाच हवी. पण आधी कायदा समजून घ्या.

वाय-टू-केच्या, म्हणजे २००० साल लागताना संगणकांच्या तारखा चुकण्याच्या भीतीच्या काळात, १९९८ साली, अमेरिकेने त्या त्रुटीबद्दलची माहिती सद्भावनेने देणाऱ्यांसाठी वेगळा कायदा केला. आपल्याकडे त्रुटी शोधणाऱ्याला तसं कवच नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, मात्र त्यासाठी अप्रामाणिक किंवा फसवणुकीचा हेतू लागतो. कलम ४३ मध्ये हेतूची अट नाही. मालकाच्या परवानगीशिवाय शिरलात, एवढ्यावर भरपाईचा दावा होऊ शकतो. म्हणून हेतू स्वच्छ असला तरी पुढे चाचपणी करू नका. कलम ८४ मधलं सद्भावनेचं संरक्षण सरकार आणि त्याच्या वतीने काम करणाऱ्यांसाठी आहे, त्यावर विसंबू नका.

सर्ट-इनला कोणीही कळवू शकतं. शुल्क नाही, दिल्लीला जावं लागत नाही; त्यांच्या संकेतस्थळावरचा त्रुटी नोंदवण्याचा फॉर्म भरून ईमेल करायचा. सोबत ॲपचं नाव व आवृत्ती, कंपनीचं नाव, त्रुटी पुन्हा दिसेल अशा क्रमवार पायऱ्या, तारीख-वेळ आणि स्क्रीनशॉट द्या. स्क्रीनशॉटमधली इतरांची नावं, नंबर झाका. कंपनीला आधी कळवलं असेल तर तो ईमेलही जोडा. मजकूर संवेदनशील असेल तर सर्ट-इनची जाहीर पीजीपी की (मजकूर फक्त त्यांनाच उघडता यावा यासाठीची डिजिटल किल्ली) वापरून कुलूपबंद करून पाठवा.

प्रकरण चिघळतं ते बहुधा इथे: खात्री पटावी म्हणून पन्नास बिलं उघडणं, यादी डाउनलोड करणं, किंवा कंपनीकडे 'बक्षीस द्या, नाहीतर जाहीर करतो' अशी भाषा. शेवटचं तर खंडणीच्या गुन्ह्यात बसू शकतं. एक नोंद दिसली की थांबा. दुरुस्ती होईपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही तपशील टाकू नका.

१९३० हा क्रमांक पैशांच्या सायबर फसवणुकीसाठी आहे, त्रुटी नोंदवण्यासाठी नाही. ॲप चालवणाऱ्या कंपनीची जबाबदारी वेगळी: डेटा फुटल्याचं लक्षात आल्यापासून ६ तासांत तिने सर्ट-इनला कळवायचं असतं, आणि १८० दिवसांचे लॉग (यंत्रणेत काय घडलं याच्या नोंदी) जपायचे असतात. कंपनीची नोटीस आली तर ईमेल, स्क्रीनशॉट काहीही डिलीट न करता वकिलाला दाखवा.