लसावि काढला नाही म्हणून बेरीज चुकत नाही

"अपूर्णांकांच्या बेरजेत छेद वेगळे असले की लसावि काढलाच पाहिजे, नाहीतर गणित चूक." (लसावि म्हणजे लघुतम साधारण विभाज्य: सगळ्या छेदांनी भाग जाणारी सगळ्यात लहान संख्या.) कोल्हापुरात आमच्या पिढीनं हे वर्गात ऐकलं, आता आमची पोरं शिकवणीतून तेच ऐकून येतात. हे खरं नाही.

छेद सारखे करावे लागतात, एवढंच खरं. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर अर्धा लिटर आणि पाव लिटर दूध घेतलं, तर पाऊण लिटर झालं हे कुणीही सांगेल. अर्ध्याचे दोन पाव, वरचा एक पाव, झाले तीन पाव. माप एक झालं की मोजता येतं. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून २/६ लिहिणारी चूक इथंच उघडी पडते, कारण २/६ म्हणजे अर्ध्यापेक्षाही कमी!

आता ५/१२ + ७/१८ घ्या. छेदांचा सरळ गुणाकार केला तर ९०/२१६ + ८४/२१६ = १७४/२१६. वरखाली सहानं भागलं की २९/३६. लसावि ३६ घेतला तर १५/३६ + १४/३६, म्हणजे पुन्हा २९/३६. छेद ७२ केला तरी तेच. वजाबाकीतही कुठल्याही वाटेनं १/३६ च येतं. मग २१६ वाल्या पोराच्या वहीत लाल फुली कशासाठी?

लसाविनं आकडे लहान राहतात, ही त्याची मोठी सोय. पण संक्षिप्त रूप देणं त्यानंही टळतंच असं नाही: १/६ + १/३ मध्ये लसावि ६ घेऊनही आधी ३/६ येतं, मग १/२.