एपीआय टेस्टिंग आणि एपीआय मॉनिटरिंग: बिल्ड हिरवा, तरी बुकिंग ठप्प

हिंजवडी असो की खराडी, 'टेस्ट तर सगळ्या पास आहेत, मग प्रॉडक्शनला बोंब का?' हा सवाल अधूनमधून ऐकू येतोच (प्रॉडक्शन म्हणजे ग्राहक वापरतात ती खरी व्यवस्था). विचारणारे बहुधा मॅनेजर असतात. गोंधळ व्हायला कारणही आहे. टेस्टिंग आणि मॉनिटरिंग, दोन्हींत वरवर पाहता एकच उद्योग चालतो: एपीआयला (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याशी बोलायचा ठरलेला रस्ता) रिक्वेस्ट पाठवायची आणि आलेलं उत्तर तपासायचं. बऱ्याचदा साधनही एकच असतं. पोस्टमन या साधनातलं कलेक्शन (रिक्वेस्टचा संच) बिल्डमध्ये, म्हणजे नवा कोड जोडून ॲप तयार होताना, चालवलं की ती टेस्ट, आणि तेच वेळापत्रकावर लावलं की मॉनिटर.

फरक आहे तो सुरुवात कशाने होते आणि नापास झाल्यावर कोणाची धावपळ होते, यात. टेस्ट चालते कोड बदलला म्हणून. नापास झाली तर बदल अडतो आणि ग्राहकाला त्याचा पत्ताही लागत नाही. मॉनिटर चालतो घड्याळावर, कोडला महिनाभर कुणी हात लावला नसला तरी. तो नापास होतो तेव्हा ग्राहकाला त्रास बहुधा सुरू झालेला असतो, आणि ऑन-कॉल (अडचण आली तर धावायच्या पाळीवर) असलेल्या माणसाचा फोन वाजतो.

समजा, बालगंधर्व रंगमंदिरातल्या प्रयोगांची तिकिटं विकणारं एक ॲप आहे. खुर्ची बुक करणाऱ्या एंडपॉइंटची (एपीआयमधल्या त्या एका कामाच्या पत्त्याची) टेस्ट लिहायची तर मोकळी खुर्ची मागून २०१ हा 'झालं' सांगणारा स्टेटस कोड (उत्तरासोबत येणारा निकालाचा आकडा) मिळतो का, एवढं पाहणं ही नुसती सुरुवात झाली. विकलेली खुर्ची पुन्हा मागितली तर ४०९ यायला हवा. लॉगिन नसेल तर ४०१. उणे दोन तिकिटं मागणाऱ्याला ४००, आणि नसलेल्या प्रयोगाला ४०४. एकाच क्षणी दोघांनी तीच खुर्ची मागितली तर ती एकालाच मिळायला हवी. ही शेवटची टेस्ट लिहायला सगळ्यात किचकट, म्हणून हमखास मागे पडते. आणि रविवारी दारात भांडण होतं ते नेमकं ती राहून गेल्यामुळे. सगळं सुरळीत चाललं तर काय होतं एवढंच तपासणाऱ्या टेस्ट कितीही लिहिल्या, तरी माझ्या लेखी त्यांची किंमत थोडीच.

आता हे सगळं पास झालं तरी काय सुटतं ते बघा. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतो आणि भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. 'आजचे प्रयोग' देणाऱ्या एंडपॉइंटने सर्व्हरचीच तारीख धरली, तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत तो कालचे प्रयोग आजचे म्हणून दाखवतो. टेस्ट चालतात ऑफिसच्या वेळेत, लोक कोड चढवतात तेव्हा. सकाळी ११ वाजता दोन्हीकडे तारीख एकच, म्हणून टेस्ट हिरवी. दर पाच मिनिटांनी चालणाऱ्या मॉनिटरला मात्र ही चूक पहिल्याच रात्री सापडते. अट एकच: त्याने उत्तरातली तारीख पाहायला हवी. नुसता २०० ('ठीक आहे' सांगणारा कोड) बघून माना डोलावणारे मॉनिटर पुष्कळ असतात, आणि चुकीची यादीसुद्धा २०० घेऊनच येते.

मॉनिटरिंगचा दुसरा भाग म्हणजे खऱ्या ट्रॅफिकची मोजमापं: किती रिक्वेस्ट आल्या, किती फसल्या, किती वेळ लागला. प्रोमिथियससारखी साधनं हेच आकडे गोळा करतात. इथे सरासरीवर विसंबू नका. १०० रिक्वेस्टपैकी ९४ ना ०.२ सेकंद लागले आणि ६ ना १० सेकंद, तरी सरासरी ०.८ सेकंदाच्या आतच राहते. डॅशबोर्ड छान दिसतो, आणि सहा जण पेमेंटच्या पानावर ताटकळत बसतात. पी-९५ (९५ टक्के रिक्वेस्ट जेवढ्या वेळात उरकतात तो आकडा) बघितला तर तो थेट १० सेकंद दाखवेल.

'९९.९ टक्के चालू' या आकड्याचंही तसंच. ३० दिवसांत ०.१ टक्का म्हणजे सुमारे ४३ मिनिटं. ती मंगळवारी पहाटे गेली तर कुणाला कळणारही नाही. गाजलेल्या नाटकाचं बुकिंग उघडताच गेली तर महिन्याची कमाई गेली. म्हणून वेळेच्या हिशेबाबरोबर फसलेल्या रिक्वेस्टचं प्रमाणही मोजावं.

लोड टेस्ट (मुद्दाम गर्दी सोडून पाहायची टेस्ट) तेवढी दोन्हींच्या सीमेवर उभी असते. जेमीटर या साधनाने हजारो रिक्वेस्ट सोडून प्रतिसादाची वेळ मोजली, तर आकडे मॉनिटरिंगसारखे दिसतात. पण गर्दी आपणच बनवलेली असते, तेव्हा ती टेस्टच.

मॉनिटर लावताना तीन पथ्यं. तो ॲपच्याच सर्व्हरवर ठेवू नये, नाहीतर सर्व्हर बसला की मॉनिटरही बसतो आणि सगळीकडे शांतता. आणि प्रॉडक्शनवर खरं बुकिंग करून पाहायचं असेल तर त्यासाठी खोटा प्रयोग वेगळा ठेवावा. पहिल्या रांगेतली खुर्ची दर पाच मिनिटांनी मॉनिटरच अडवून बसला तर प्रेक्षकांनी काय करायचं? एका फसलेल्या रिक्वेस्टवर फोनही वाजवू नये. लागोपाठ तीन फसल्या तर वाजवावा. रात्री उगाच उठवलेला माणूस चौथ्या दिवशी अलर्ट म्यूट करतो.

मॉनिटरला सापडलेल्या चुकीची टेस्ट मात्र लगेच लिहावी. वरच्या तारखेच्या चुकीसाठी टेस्टमधलं घड्याळ रात्री साडेबारावर अडकवायचं, मग ती भरदिवसाही पकडली जाते. सगळ्याच चुका अशा टेस्टमध्ये ओढून आणता येत नाहीत. लेट्स एन्क्रिप्टचं ठराविक मुदतीचं टीएलएस सर्टिफिकेट (सुरक्षित जोडणीसाठी लागणारा दाखला) आपोआप नवं झालं नाही, किंवा पेमेंट गेटवे संध्याकाळी मंदावला, तर आपल्या कोडची एक ओळही बदललेली नसते. टेस्ट सुरू व्हायलाच कारण नाही, आणि तिथे मॉनिटरशिवाय कुणी सांगणारं नसतं.