आर्म अडकला: टूल सुटलं नाही की स्पिंडल चुकीचा थांबला?

व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीनवर) टूल बदलताना, जुनं टूल काढून नवं बसवणारा आर्म मध्येच थांबला की ऑपरेटरचा निरोप ठरलेला: "साहेब, एटीसी अडकलं." एटीसी म्हणजे आपोआप टूल बदलणारी यंत्रणा. मग बहुतेक जण थेट प्रॉक्झी, म्हणजे धातू जवळ आल्याचं ओळखणारा सेन्सर, बदलायला घेतात. माझा आग्रह आहे, स्पॅनर उचलण्याआधी आर्म नेमका कुठे थांबलाय ते बघा. जुनं टूल खाली ओढताना अडला असेल तर अनक्लॅम्प, म्हणजे स्पिंडलने टूल सोडणं, तपासा. नवं टूल वर चढवताना अडला असेल तर ओरिएंटेशन, म्हणजे स्पिंडल ठरलेल्या कोनात थांबणं.

अनक्लॅम्पमध्ये लोक फसतात ते सिग्नलमुळे. पीएमसीच्या (मशीनचे सिग्नल सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या) स्क्रीनवर अनक्लॅम्पचा बिट आलेला दिसतो, म्हणून टूल सुटलं असं धरतात. पण प्रॉक्झीला फक्त पिस्टन कुठवर आला एवढंच कळतं. हवेचा दाब तेलातून वाढवणाऱ्या बूस्टरमधलं तेल कमी झालं, तर ड्रॉबार (स्पिंडलच्या आतला, टूल धरून ठेवणारा दांडा) टूलला खाली जो शेवटचा धक्का देतो तो पुरेसा बसत नाही आणि टूलचा होल्डर स्पिंडलच्या टेपरमध्ये (निमुळत्या भोकात) चिकटून राहतो. टूल हातात धरून अनक्लॅम्पचं बटण दाबा. होल्डर किंचित खाली सरकलेला हाताला जाणवलाच पाहिजे. एअर प्रेशरही बटण दाबलेलं असतानाच वाचा. एरवी ६ बार दाखवणारा गेज त्या क्षणी ४ वर आला, तर रेग्युलेटर किंवा फिल्टर चोक आहे.

ओरिएंटेशनची गोष्ट वेगळी. बीटी-४० या मापाच्या होल्डरच्या फ्लँजला (कडेला) समोरासमोर दोन खाचा असतात आणि स्पिंडलच्या तोंडाला दोन की, म्हणजे खाचेत बसणारे ठोकळे. एम१९ ही ओरिएंटेशनची कमांड दिल्यावर स्पिंडल ठरलेल्या कोनात थांबला तरच की खाचेत जाते. कोन थोडा हुकला तर टूल वर चढताना की फ्लँजवर टेकते. फारच हुकला तर आर्म पकडायला येतानाच आदळतो.

भोसरीतल्या एका शॉपमध्ये दोन दिवस प्रॉक्झी आणि सोलेनॉइड (हवेचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) बदलून झाले होते. स्पिंडलखाली टॉर्च धरला, तर एका कीच्या कडेवर ताजा, चकचकीत घासा. आठवड्यापूर्वी बेल्ट बदलला होता. ओरिएंटेशन मोटरच्या एन्कोडरवरून (फिरण्याचा कोन मोजणाऱ्या सेन्सरवरून) असेल, तर बेल्टचा एक दात सरकला तरी कोन बदलतो.

अशा वेळी एमडीआयमध्ये (हाताने कमांड टाकायच्या मोडमध्ये) पाचसहा वेळा एम१९ द्या आणि दर वेळी दोन्ही कींवर डायल गेज फिरवा. दर वेळी त्याच चुकीच्या जागी थांबत असेल, तर फॅनुक कंट्रोलवर पॅरामीटर ४०७७ दुरुस्त करा. ४०९६ काउंट म्हणजे एक फेरा, अंशाला साधारण ११. दर वेळी वेगळीकडे थांबत असेल तर पॅरामीटरला हात लावू नका. बेल्टचा ताण, पुली आणि एन्कोडरचं कपलिंग बघा.

आणि अडकलेला आर्म सोडवताना टेबलावर टूलखाली लाकडी ठोकळा ठेवूनच आर्मच्या मोटरचा ब्रेक सोडा. बोटं आर्मच्या वाटेत नकोत. चिकटलेलं टूल सुटतं ते एकदम.