इस्ला रासा : पक्षी-अधिवास आणि जैवविविधता

इस्ला रासा हे मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया राज्यातील, कॅलिफोर्नियाच्या आखातात असलेले एक लहान, सखल बेट असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे 60 हेक्टर आहे. येथे पाऊस अत्यल्प पडतो, गोड्या पाण्याचा कायमचा साठा नाही आणि वनस्पती म्हणाव्यात तर खारट जमिनीत तगणारी झुडपे व निवडुंग एवढीच. तरीही हेरमान कुरव आणि एलिगंट सुरय या दोन समुद्रपक्ष्यांच्या जगातील बहुतांश जोड्या वसंत ऋतूत येथेच अंडी घालतात. रॉयल सुरयही येथे वीण करतात.

या समृद्धीचे मूळ जमिनीत नसून भोवतालच्या समुद्रात आहे. आखाताच्या या अरुंद, बेटांनी भरलेल्या भागात भरती-ओहोटीचे जोरदार प्रवाह खोल, थंड व पोषकद्रव्यांनी युक्त पाणी सतत वर आणतात, त्यावर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, पोसले जाते आणि प्लवकावर तारलीसारखे सार्डिन व अँचोवी हे छोटे मासे वाढतात. बेटाने द्यायची ती फक्त उघडी, सपाट आणि मूळच्या शिकारी सस्तन प्राण्यांपासून मुक्त अशी जमीन. कुरव आपापली छोटी हद्द राखून घरटी करतात, तर सुरय कुरवांच्या वस्तीतच घुसून एकमेकांना जवळजवळ खेटून बसतात. ही दाटी हेच त्यांचे संरक्षण होय, कारण कुरव सुरयांची अंडी पळवतात आणि सर्वाधिक नुकसान थव्याच्या कडेला होते. दुपारच्या कडक उन्हात अंड्यांवर सावली धरणे हे उबवण्याइतकेच महत्त्वाचे ठरते. बहिरी ससाणा हा येथील प्रमुख शिकारी पक्ष्यांपैकी एक आहे.

19व्या शतकात येथून ग्वानो, म्हणजे पक्ष्यांच्या विष्ठेचे खत, काढले जाई. त्या काळी रचलेले दगडांचे असंख्य ढीग आजही दिसतात. पुढे माणसांनी अंडी बेसुमार गोळा केल्यामुळे पक्ष्यांची संख्या फार घटली. 1964 मध्ये मेक्सिको सरकारने बेटाला संरक्षण दिले. जीवशास्त्रज्ञ एन्रिकेता वेलार्दे यांनी 1979 पासून चालवलेला अभ्यास आणि माणसांबरोबर आलेल्या उंदरांचे 1990च्या दशकाच्या मध्यात झालेले निर्मूलन ही या बेटाच्या इतिहासातील सर्वांत मोलाची कामे म्हणावी लागतील. 2005 मध्ये आखातातील बेटांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

समुद्र तापला की मात्र हे संरक्षण अपुरे पडते. एल निन्योच्या वर्षांत मासे खोल किंवा दूर जातात, पिल्ले उपाशी मरतात आणि काही हंगामांत सुरय वीण न करताच बेट सोडतात. सार्डिनच्या अतिमासेमारीने हे संकट अधिक गडद होते. अशा वर्षांत अमेरिकेच्या दक्षिण कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो उपसागर, बोल्सा चिका व लॉस एंजेलिस बंदर येथील वसाहतींत सुरयांची संख्या वाढते. सुरयांच्या आहारातील सार्डिनच्या प्रमाणावरून पुढील हंगामातील मासेमारीचा अंदाज बांधता येतो, असेही रासावरील अभ्यासातून दिसून आले आहे.