पाग टाकावा की रापण ओढावी?

जून-जुलै हे आमच्याकडे मासेमारी बंदीचे ६१ दिवस. मालवणात होड्या वर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या असतात, जाळी दुरुस्तीला पडवीत आलेली असतात आणि बाहेर पाऊस कोसळत असतो. पूर्वी या दिवसांत पडवीत मेंढीकोट रंगायचा. पत्ते आजही आहेत, फक्त ते फोनमध्ये गेले आहेत. माझा भाचा आणि त्याचा खलाशी मित्र जाळ्याच्या ढिगाला टेकून समोरासमोर बसतात आणि हर्थस्टोन हा फोनवरचा पत्त्यांचा खेळ खेळतात.

गेल्या जुलैतला एक डाव माझ्या डोळ्यांसमोर आहे. दोघांचे कॅट जवळजवळ सारखेच, दोन्ही झटपट हल्ला करणारे. मित्राला सुरुवातीची पानं चांगली लागली होती, त्याची दोन-तीन पात्रं, म्हणजे वार करणारी पानं, आधीच मैदानात उभी होती. भाचा मागे होता, तरी समोरची पात्रं न मारता सरळ मित्राच्या आयुष्यावर वार करत राहिला. "मामा, ह्यो आता गेलो," तो मला म्हणाला. मित्राने मान वर केली नाही. "थांब मरे, अजून संपाक नाय." पुढच्याच टर्नला भाचा हरला. मित्राच्या आयुष्याचे फक्त दोन गुण उरले होते.

भाच्याला वाटलं, नशीब गेलं. मला तसं वाटत नाही. मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाचे एक खेळाडू-लेखक माइक फ्लोरेस यांनी १९९९ मध्येच या चुकीवर बोट ठेवलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की दोन्ही कॅट एकाच जातीचे असले तरी प्रत्येक डावात एक जण हल्लेखोर असतो आणि दुसरा राखणदार. सारखेच कॅट असले, तर ज्याची पानं त्या वेळी मागे पडली आहेत त्याने आधी राखणदार व्हायला हवं. ही भूमिका ज्याने चुकीची घेतली, तो बहुतेक वेळा डाव घालवतो. भाच्याचा कॅट हल्ल्याचा होता, पण त्या डावात त्याचं काम थोपवण्याचं होतं.

हर्थस्टोन न खेळलेल्यांसाठी नियम थोडक्यात सांगतो. प्रत्येकाकडे स्वतः निवडून बांधलेला ३० पानांचा कॅट असतो आणि एका पानाच्या जास्तीत जास्त दोन प्रती ठेवता येतात. दोघांचं आयुष्य ३० गुणांचं. पान खेळायला मॅना, म्हणजे दर टर्नला खर्चायला मिळणारे गुण, लागतो. पहिल्या टर्नला १, दुसऱ्याला २, असा तो दहापर्यंत वाढत जातो. स्वस्त पानं लहान असतात, महाग पानं जबर. ज्या कॅटमध्ये एक-दोन मॅनाची पानं भरलेली असतात आणि पाचव्या-सहाव्या टर्नला डाव संपवायचा बेत असतो, त्याला खेळणारे ॲग्रो म्हणतात. समोरच्याचं सगळं पुसून काढत दहाव्या टर्नपर्यंत तग धरणारा तो कंट्रोल. दोघांच्या मधला मिडरेंज.

किनाऱ्यावरच्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. पाग म्हणजे फेकायचं जाळं. ते खांद्यावर टाकून एकटा माणूस गुडघाभर पाण्यात उतरतो, मासा दिसला की फेकतो आणि थोडंफार घेऊन तासाभरात घरी येतो. रापणीला, म्हणजे किनाऱ्यावर ओढायच्या मोठ्या जाळ्याला, होडी लागते, दोर धरायला वीस-तीस हात लागतात, आणि मासळीचा थवा किनाऱ्याला लागेपर्यंत थांबण्याचा दम लागतो. मिळालं तर टोपल्याच्या टोपल्या, नाही तर ओला दोर. दोन्हींपैकी चांगलं काय, याचं उत्तर त्या दिवशी पाण्यात काय आहे ते पाहिल्याशिवाय कोणी देणार नाही.

आता काळाचा हिशेब पाहू. २ गुणांचा वार करणारं पात्र पहिल्या टर्नला मैदानात उतरलं आणि कोणी मारलं नाही, तर दुसऱ्यापासून सहाव्या टर्नपर्यंत ते पाच वेळा वार करतं. म्हणजे १० गुण, समोरच्याच्या आयुष्याचा तिसरा हिस्सा. तेच पान पाचव्या टर्नला उतरवलं, तर सहाव्या टर्नपर्यंत त्याचा एकच वार होतो. पानावरचे आकडे तेच असतात, बदलतो तो फक्त वेळ. स्वस्त पानाची खरी ताकद त्याच्या लवकर येण्यात आहे.

कंट्रोलवाल्याचं गणित नेमकं उलटं चालतं. पहिल्या पाच टर्नमध्ये एकूण १५ मॅना मिळतो, दहा टर्नमध्ये ५५. त्याची आठ मॅनाची पानं आठव्या टर्नपर्यंत हातात नुसती पडून असतात. पण तो तिथवर पोचला तर ॲग्रोवाल्याचा हात रिकामा झालेला असतो. आधी खेळणाऱ्याला सुरुवातीला ३ पानं मिळतात आणि दर टर्नला एक, म्हणजे पाचव्या टर्नपर्यंत एकूण ८. ती सगळी त्याने खाली टाकलेली असतात. अशा वेळी कंट्रोलवाल्याने एका पानाने सगळं मैदान साफ केलं, तर एकाच्या बदल्यात चार पानं गेली. तिथून पुढे डाव उलटा वाहायला लागतो.

मग ते साफ करणारं पान वेळेवर येतं का? इथे शाळेतली संभाव्यता कामाला येते, आणि मला या विषयातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो.

समजा, चार मॅनाचं मैदान-साफ पान आहे आणि कॅटमध्ये त्याच्या दोन प्रती आहेत. आधी खेळणाऱ्याने चौथ्या टर्नपर्यंत ७ पानं पाहिलेली असतात. त्यात निदान एक प्रत असण्याची शक्यता ४२ टक्के. सुरुवातीला नको असलेली पानं परत देऊन बदली पानं घेण्याची मुभा असते, तिला मलिगन म्हणतात. पहिल्या तीन पानांत ते नसेल तर तिन्ही बदलून घेतली, तरी शक्यता ५४ टक्क्यांवरच जाते. म्हणजे जवळजवळ निम्म्या डावांत कंट्रोलवाल्याला हवं ते पान हव्या वेळी मिळतच नाही.

आता ॲग्रोवाल्याकडे या. त्याच्या कॅटमध्ये एक मॅनाची ८ पानं आहेत आणि त्याला त्यातलं कुठलंही चालतं. हाच मलिगन करून पहिल्याच टर्नला त्यातलं एक हाती असण्याची शक्यता ९१ टक्के. हल्ला करणाऱ्याला कुठलंही पान चालतं, अडवणाऱ्याला नेमकं तेच पान लागतं. दोन्ही बाजूंना सारखी ताकद द्यायची, तर अडवणारं प्रत्येक पान हल्ल्याच्या पानापेक्षा बरंच जबर असावं लागतं. एकच पान चार पात्रं मारतं याचा नव्या खेळाडूंना फार राग येतो, पण ते तसं नसतं तर कंट्रोल उभाच राहिला नसता.

हे झालं दोघांमधलं. हजारो लोक एकाच वेळी खेळतात तेव्हा प्रश्न बदलतो, कारण आपला कॅट चांगला की वाईट हे समोर कोण बसलंय त्यावर ठरतं. १९५० मध्ये जॉन नॅश यांनी अशा स्थितींसाठी समतोलाची कल्पना मांडली. तिथे कोणालाही एकट्याने आपली चाल बदलून फायदा होत नाही. १९७३ मध्ये जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस यांनी हाच विचार प्राण्यांच्या भांडणांना लावला. कॅलिफोर्नियातल्या एका सरड्यात तर तो उघड दिसतो. केशरी गळ्याचे नर आक्रमक असतात आणि मोठा प्रदेश बळकावतात. निळ्या गळ्याचे आपल्या मादीवर पहारा ठेवतात. पिवळ्या गळ्याचे मादीसारखे दिसून चोरपावलांनी शिरतात. केशरी निळ्याला हरवतो, निळा पिवळ्याला, पिवळा केशरीला. बॅरी सिनर्व्हो आणि कर्टिस लाइव्हली यांनी १९९६ मध्ये दाखवलं, की या तिघांची संख्या फिरत राहते आणि कोणी एक कायमचा वरचढ होत नाही.

पत्त्यांचंही तसंच फिरतं. कल्पनेतले आकडे घेऊ. ॲग्रो कंट्रोलला १०० पैकी ६० डावांत हरवतो, कंट्रोल मिडरेंजला ६५ डावांत आणि मिडरेंज ॲग्रोला ५५ डावांत. समतोल कुठे येईल? कोणताही कॅट घेतला तरी सरासरी ५० टक्केच जिंकता यावं अशी वाटणी काढली, तर ॲग्रो ५० टक्के, मिडरेंज ३३ आणि कंट्रोल १७ येते. प्रत्येक कॅटचा वाटा बाकीच्या दोघांमधल्या लढतीवर ठरतो. ॲग्रो इतका पसरला, कारण कंट्रोल आणि मिडरेंज यांच्यातली लढत सगळ्यात एकतर्फी आहे.

समजा, लोक तक्रार करतात की जिकडे तिकडे ॲग्रोच आहे. खेळ बनवणारे मिडरेंजला एक बरं पान देतात आणि तो ॲग्रोला ५५ ऐवजी ६० डावांत हरवू लागतो. आता पुन्हा हिशेब करा. ॲग्रो ४३ टक्क्यांवर येतो, पण ज्याला पान दिलं तो मिडरेंजही ३३ वरून २९ वर उतरतो. वाढतो तो कंट्रोल, १७ वरून २९ वर. पान एकाला दिलं आणि सुगी तिसऱ्याची झाली. पहिल्यांदा हे कागदावर सोडवलं तेव्हा माझा विश्वास बसला नाही, मी तीनदा आकडे तपासले. पण कारण सरळ आहे. मिडरेंज ॲग्रोला जास्त दाबतो, त्यामुळे कंट्रोलला भिववणारा ॲग्रो कमी होतो आणि कंट्रोलला मोकळं रान मिळतं.

म्हणून जाणते डिझायनर बहुतेक वेळा एकाच पानावरचा एखादा आकडा हलवून थांबतात. २०१४ मध्ये हर्थस्टोनमध्ये अंडरटेकर नावाचं एक मॅनाचं पान आलं. सुरुवातीला त्याचा वार १ आणि जीव २. एका ठरावीक प्रकारचं पात्र उतरलं की त्याचा वार आणि जीव दोन्ही एकेकाने वाढायचे. दुसऱ्या टर्नला अशी दोन स्वस्त पात्रं टाकली की तो ३ वार, ४ जीव व्हायचा. एवढ्या मापाचं पात्र एरवी तीन मॅनाला मिळतं. जानेवारी २०१५ मध्ये हा खेळ बनवणाऱ्या ब्लिझर्डने त्याचं जीव वाढणं काढून टाकलं आणि वार वाढणं ठेवलं. तो पूर्वीसारखाच चावत राहिला, पण दोन गुणांच्या साध्या वारानेही मरू लागला, आणि थोपवणाऱ्याला हाताशी असलेलं कुठलंही छोटं पान पुरेसं झालं. डिसेंबर २०१६ मध्ये आलेल्या पॅचेस या चाच्याचंही तसंच. तो कॅटमधून आपोआप उडी मारून त्याच टर्नला वार करायचा. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याचा तात्काळ वार काढला गेला. एका टर्नचा उशीर, बाकी सगळं तेच.

सावंतवाडीच्या गंजिफ्याला, म्हणजे जुन्या गोल पत्त्यांच्या खेळाला, ही सोय नव्हती. दशावतारी गंजिफ्यात १० रंग, प्रत्येकी १२ पानं, एकूण १२०. चिताऱ्याने रंगवलेलं गोल पान एकदा हातात पडलं की पडलं. तरीही जुन्या लोकांनी समतोलाचा विचार केलेला दिसतो. निम्म्या रंगांत आकड्यांचा चढता क्रम आणि उरलेल्या निम्म्यांत उतरता, त्यामुळे हातात नुसते लहान आकडे आले म्हणून कोणी सुरुवातीलाच बाद होत नाही. पान बदलता येत नव्हतं, म्हणून समतोल नियमातच रंगवून ठेवावा लागला.

ॲग्रो सगळीकडे दिसतो याचं आणखी एक कारण समतोलाच्या गणिताबाहेरचं आहे. समजा, ॲग्रोचा डाव सहा मिनिटांत संपतो आणि १०० पैकी ५३ जिंकतो. कंट्रोलचा डाव पंधरा मिनिटांचा, १०० पैकी ५५ जिंकतो. तासाला ॲग्रोचे दहा डाव होतात, हार वजा करून सरासरी ०.६ विजय हाती लागतात. कंट्रोलचे चारच डाव, शिल्लक ०.४. कॅट कमी ताकदीचा असूनही क्रमवारीत वर लवकर तोच चढतो. आमच्याकडे पावसात लाईट जाते आणि टॉवर बंद पडतो, तेव्हा हा फरक आणखी वाढतो. पंधरा मिनिटांच्या डावात नेटवर्क तुटलं की जिंकत आलेला डावही गेला. मालवणच्या पडवीत सगळे घाईने खेळतात, यात मला पोरांच्या स्वभावाचा दोष दिसत नाही.

भाच्याने मात्र यंदा वेगळं काही सुरू केलंय. मासळीच्या लिलावाच्या वहीच्या मागच्या पानावर तो समोर आलेल्या प्रत्येक कॅटची खूण करतो, तीन रकान्यांत. ॲग्रोचा रकाना भरभर भरत चालला, तसं त्याने आपल्या कॅटमधून एक महाग पान काढलं आणि मैदान साफ करणारं एक स्वस्त पान घातलं. एकच प्रत. मी त्याला आकडा काढून दाखवला. मलिगन धरून चौथ्या टर्नपर्यंत ती येण्याची शक्यता ३२ टक्के, दोन प्रती ठेवल्या तर ५४. दुसरी प्रत घालायची तर बाहेर काय काढायचं, यावर त्याचं आणि मित्राचं काल रात्री लाईट जाईपर्यंत चाललं होतं.