पालक घरी आल्या आल्या धुवू नका
(आमच्या नाशिकमधल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

सकाळी भाजी पोचली की थोड्या वेळात फोन येतो, "दादा, पालकाला किती माती आहे!" आणि एक-दोन दिवसांनी, बहुतेक वेळा त्याच घरातून, दुसरा फोन येतो, "पालक सडला हो. पानं काळी पडून चिकट झालीत. बदलून द्या." या दोन्ही फोनचं मूळ एकच आहे. माती दिसली म्हणून जुडी लगेच धुतली जाते, चाळणीत जराशी निथळते आणि ओली असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फ्रिजमध्ये जाते. पालक सडतो तो त्या पिशवीत. मग एक जुडी बदलून द्यायला आमची गाडी इंदिरानगरची फेरी अर्धी सोडून परत गंगापूर रोडला येते आणि बाकीच्या घरांची भाजी उन्हात थांबते. म्हणून हे नीट सांगायचं ठरवलं.

पालकाच्या पानात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. शेतातून निघाल्यावरही पानाचं श्वसन चालू राहतं, त्यातून थोडी ऊब आणि वाफ बाहेर पडते. पान ओलं असेल आणि पिशवीचं तोंड बांधलेलं असेल तर ती वाफ आतच कोंडते. धुताना पानं कुठे ना कुठे चुरगळतात, देठ मोडतात. कूज आणणारे जिवाणू नेमके तिथून शिरतात आणि ओल असल्यामुळे एका पानावरून दुसऱ्यावर पसरतात. वरची पानं ठीक दिसतात, पण जुडी उघडली की मधली विरघळलेली असतात.

म्हणून भाजी आली की आधी जुडीचा बंद सोडा, तोही त्याच दिवशी. घट्ट बांधलेली जुडी मध्ये तापते. पिवळी, मोडलेली पानं काढून टाका, मुळं असतील तर माती झटकून ती तशीच राहू द्या. कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई पानाला लागते. दुसऱ्या दिवशी फडकं दमट लागलं तर बदला. शेजारी पिकलेली केळी, सफरचंद, टोमॅटो नकोत. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि त्यानं पालक लवकर पिवळा पडतो. एवढं केलं की तीन-चार दिवस पालक छान राहतो.

धुवायचं ते करायच्या वेळी, चिरायच्या आधी. मुळं कापा, मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घ्या, पानं त्यात बुडवून हलवा आणि दोन मिनिटं तशीच राहू द्या. माती तळाला बसते. मग पानं हातानं वर उचलून दुसऱ्या पाण्यात घाला. बरेच जण इथे पातेलं चाळणीत उपडं करतात, त्यामुळे तळाची सगळी माती पुन्हा पानांवर येते आणि भाजी कचकच लागते. तळाशी माती दिसेनाशी होईपर्यंत पाणी बदलत राहा. साधारण तीन पाण्यांत काम होतं, पावसाळ्यात चौथं लागतं.

"मग तुम्हीच धुवून का देत नाही?" हा पुढचा प्रश्न. देता येईल. बाजारात पाणी मारून टवटवीत केलेल्या जुड्या दिसतातच, सकाळी त्या आमच्यापेक्षा देखण्याही वाटतात. पण ओला पालक क्रेटमध्ये एकावर एक रचला की दुपारपर्यंत तापतो, आणि शेतावर कोणत्या पाण्यात धुतला हे तुम्हाला कळायला मार्ग नसतो. आमचा पालक मखमलाबाद आणि गिरणाऱ्याच्या बाजूनं येतो. काळी माती, ती चिकटणारच. दव वाळल्यावर काढायचा, माती झटकायची आणि कोरडाच पाठवायचा हे आम्ही शेतकऱ्यांशी ठरवून घेतलं आहे. पहिली काढणी विरळणीची असते, रोपं दाट झालेली असतात म्हणून उपटून काढतात. त्या जुडीला मुळं असतात. नंतर विळ्यानं कापणी होते, तेव्हा मुळं नसतात. मुळांची जुडी आम्ही थोडी जाड बांधतो, म्हणजे निवडल्यावर पानं कमी भरत नाहीत. मुळासकट आलेला पालक जास्त टिकतो, हेही लक्षात घ्या.

ज्यांना वेळच नाही त्यांच्यासाठी निवडलेला पालकही देतो. तो आदल्या रात्री सांगावा लागतो, थोडा महाग पडतो आणि आला त्याच दिवशी करायचा.

आता लोहाबद्दल, कारण डॉक्टरांनी हिमोग्लोबिन वाढवायला सांगितलं की पहिली ऑर्डर पालकाची येते. शंभर ग्रॅम कच्च्या पालकात लोह साधारण ३ मिलिग्रॅम असतं. आपल्याकडच्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लागतं, आणि पालेभाजीतलं लोह शरीरात थोडंच शोषलं जातं. त्यामुळे डॉक्टरांच्या गोळ्या बंद करून पालकावर राहू नका. मात्र भाजीवर लिंबू पिळलं तर क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त घेतलं जातं, आणि जेवणावर लगेच चहा प्यायलात तर कमी. चहा तासभर पुढे ढकला.

पालकाची खरी ताकद फोलेटमध्ये, म्हणजे एका ब जीवनसत्त्वात आहे, असं आम्हाला वाटतं. फॉलिक आम्ल हे त्याचंच रूप. त्याची गोष्ट आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. १९२८ पासून ल्युसी विल्स या डॉक्टर मुंबईत गिरणी कामगार स्त्रियांना गरोदरपणात होणाऱ्या पंडुरोगावर काम करत होत्या. यीस्टच्या अर्कानं तो बरा होतो, हे त्यांनी दाखवलं. त्या अर्कातला गुण कशाचा, हे तेव्हा कळलं नव्हतं. पुढे १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतूनच फॉलिक आम्ल वेगळं काढलं गेलं, आणि आज गरोदर बाईला त्याचीच गोळी पहिल्या महिन्यांपासून देतात. फोलेट पाण्यात उतरतं आणि फार शिजवलं की कमी होतं. म्हणून रोजच्या भाजीला पालक उकडून पाणी ओतून देऊ नका. झाकण न ठेवता, पानं बसेपर्यंतच शिजवा. उघडा शिजवला की रंगही हिरवा राहतो. सोडा घातला तर रंग राहतो, पण जीवनसत्त्वं जातात.

मुतखड्याचा त्रास असेल तर मात्र उलटं करायचं. बरेचसे मुतखडे ज्यापासून बनतात ते ऑक्झलेट पालकात भरपूर असतं. ते उकळत्या पाण्यात बरंचसं उतरतं, म्हणून त्यांनी पालक उकडून पाणी टाकून द्यावं आणि कितपत खायचा ते डॉक्टरांना विचारावं. याच ऑक्झलेटमुळे पालकातलं कॅल्शियम आपल्याला जेमतेम मिळतं, त्यासाठी दूध-दही वेगळं हवंच. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर पालक अचानक वाढवू नका, अचानक बंदही करू नका, कारण त्यातलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या विरुद्ध काम करतं.

ताकातल्या पातळ भाजीबद्दल एकच सांगतो. हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे आधी शिजवून घ्या, पालक शेवटी घाला, आणि बेसन लावलेलं ताक त्याच्याही नंतर. आंबट लवकर पडलं की पानं करडी होतात. लिंबाचंही तेच, गॅस बंद केल्यावर पिळा. वरून लसणाची फोडणी. उरलेली भाजी ओट्यावर ठेवू नका, गार झाली की फ्रिजमध्ये.

"मॉलमधला पालक वेगळा दिसतो, तुमचा गावठी आहे का?" असंही विचारतात. दोन्ही पालकच म्हणून विकले जातात, पण झाडं वेगळी. विलायती पालक मूळचा इराणकडचा. ६४७ साली तो नेपाळहून चीनच्या दरबारात गेल्याची नोंद आहे, आणि अरबांबरोबर स्पेनमध्ये पोचल्यावर बाराव्या शतकात सेव्हिलच्या इब्न अल-अव्वाम या शेतीशास्त्र्यानं त्याला पालेभाज्यांचा प्रमुख म्हटलं. त्याला थंडी हवी, दिवस मोठा झाला की तो फुलावर येतो. आपल्या शेतात मुख्यतः होतो तो बिटाच्या जवळचा, 'ऑल ग्रीन'सारख्या वाणांचा. पान जाडसर, रुंद, महिना-सव्वा महिन्यात काढणीला येतं आणि परत परत कापता येतं. पातळ भाजीला, डाळीला, पराठ्याला आम्ही हाच सुचवतो. कच्चा सॅलडमध्ये हवा असेल तर विलायती घ्या. थंडीत तो आम्ही मागणीवर आणून देतो.

नाशिकच्या थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, पालक सगळ्यात चांगला असतो. एप्रिल-मेमध्ये पान लहान येतं, झाड लवकर फुलावर जातं आणि देठ राठ होतात. त्या दिवसांत पालकाचा आग्रह न धरता तांदुळजा किंवा मायाळू मागवा, दोन्ही यादीत आहेत. चाकवत आणि अंबाडीही असते.

बदलून देण्याचा नियम असा: पालक खराब आला असेल तर त्याच दिवशी दुपारी बारापर्यंत, न धुतलेल्या जुडीचा फोटो आमच्या नेहमीच्या नंबरवर पाठवा. पुढच्या फेरीत नवीन जुडी मिळेल, पैसे लागणार नाहीत. धुवून ठेवलेला पालक बदलून दिला जाणार नाही.